शुगर निघाली, आता ताटात काय वाढायचे?



आरोग्याच्या या पानासाठी वस्तीत कुणाशीही बोलायला बसलो की दहा मिनिटांत शुगरचा विषय निघतो. "डॉक्टरांनी भात बंद सांगितला, गोड बंद, बटाटा बंद. मग आम्ही खायचे तरी काय?" हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर देणे आम्हाला गरजेचे वाटते. दवाखान्यात हातात मिळणाऱ्या छापील तक्त्यावर ओट्स असतात, ऑलिव्ह तेल असते, सफरचंद असते. आपल्या घरात असतात ते रेशनचे गहू-तांदूळ, थोडी डाळ, बाजारात स्वस्त असेल ती भाजी आणि दिवसातून पाच वेळा चहा. तक्ता कपाटात जातो, शुगर अंगात राहते.

म्हणून या लेखात आपल्याच चुलीवरचा हिशेब मांडला आहे. मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाविषयी, म्हणजे ज्याला डॉक्टर टाइप २ म्हणतात त्याविषयी हा लेख आहे. लहानपणी होणारा मधुमेह आणि गरोदरपणातली शुगर यांचे उपचार वेगळे असतात. त्यांना हा लेख लागू करू नये.

शरीरात नेमके होते काय?

आपण भाकरी खाल्ली, भात खाल्ला, पाव खाल्ला किंवा साखर खाल्ली, तरी पोटात त्याची शेवटी एकच वस्तू होते, ती म्हणजे ग्लुकोज. ही साखर रक्तात उतरते. रक्तातून ती हाता-पायांच्या स्नायूंत, मेंदूत जाते आणि आपल्याला काम करायची ताकद मिळते. पेशीचे दार उघडून साखर आत सोडण्याचे काम इन्सुलिन करते. इन्सुलिन पोटातल्या स्वादुपिंडात तयार होते.

मोठेपणीच्या मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन असते, पण दार नीट उघडत नाही. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की इन्सुलिनचा जोर चालत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते, वर्षानुवर्षे जास्तीचे काम करते आणि हळूहळू थकते. साखर रक्तातच फिरत राहते. ती डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करते. हे सगळे होत असताना माणसाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. तहान फार लागणे, रात्री लघवीला सारखे उठणे, जखम लवकर न भरणे, पायांना मुंग्या येणे ही लक्षणे दिसतात तोवर बराच काळ गेलेला असतो.

म्हणून आकडे माहीत हवेत. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा त्याहून जास्त आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढीच, म्हणजे मधुमेह. एचबीए१सी नावाची तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती ५.७ च्या आत चांगली, ५.७ ते ६.४ उंबरठ्यावर आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. आदल्या दिवशी पथ्य केले की उपाशीपोटीची शुगर चांगली येते, पण एचबीए१सीला फसवता येत नाही.

हा आजार श्रीमंतांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत.

"आमचा माणूस तर बारीक आहे, त्याला कशी शुगर?"

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली त्यांचा आणि जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या डॉक्टरांचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी, असा आपल्याकडच्या अनेकांचा बांधा असतो. ही चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते.

पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या चमूने गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे वजनाला कमी भरली, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र त्या मानाने जास्त आढळले. आईच्या पोटात असताना ज्याला पोषण कमी मिळाले, त्याला मोठेपणी पोटभर भात-पोळी आणि बसून राहण्याचे काम मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो, असे या क्षेत्रातले संशोधन सांगते. आपल्या आजी-पणजीने काय खाल्ले, दुष्काळात किती दिवस उपास काढले, हे आपण जाणतो. तेव्हा शुगर निघाली म्हणून कुणी स्वतःला किंवा घरातल्या माणसाला दोष देऊ नये, आणि लपवूही नये.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरहून आणि बाईची ८० सेंटिमीटरहून जास्त भरली, तर वजन काट्यावर कमी दिसत असले तरी शुगर तपासून घ्यावी.

ताट एकदा नीट बघा

आपल्याकडचे नेहमीचे ताट घ्या. दोन-तीन चपात्या, बटाट्याचा रस्सा, वर भाताचा ढीग, त्यावर पातळ वरण. दिसायला चार पदार्थ आहेत. पण चपाती पिठूळ, बटाटा पिठूळ, भात पिठूळ. वरण इतके पातळ की वाटीत डाळ शोधावी लागते. म्हणजे ताटात खरे तर एकच वस्तू आहे, पिष्ट. तिची साखर होणार.

यात घरच्या बाईचा दोष नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. त्याने भूक भागते, हे मोठेच आहे. पण डाळ, भाजी, अंडी पैसे मोजून आणावी लागतात. हात आखडला की आधी त्यांनाच कात्री लागते. तेव्हा आमचे सांगणे असे नाही की महागडे काही आणा. आहे त्याच पैशांची वाटणी बदला.

ताट असे वाढा. अर्धे ताट भाजी आणि कच्ची कोशिंबीर. पाव ताट डाळ, उसळ, अंडे, मासे किंवा मटण. उरलेले पाव ताट भाकरी किंवा चपाती किंवा भात. हे तीन एकदम नकोत, यातले एक घ्या. दोन्ही घ्यायचेच असतील तर एक चपाती आणि छोटी वाटी भात, एवढेच. भात वाटीने मोजून घ्या, उलथन्याने वाढू नका.

जेवताना क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा अंडे, आणि भाकरी-भात शेवटी. तेच जेवण या क्रमाने घेतले तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे अभ्यासांत दिसले आहे. याला एक पैसाही लागत नाही.

प्रमाण सांभाळण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. संयुत्त निकायात कोसल देशाच्या पसेनदी राजाची कथा येते. राजा भरपूर भात खाऊन, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. जो जागरूक राहून जेवणातले माप जाणतो त्याची दुखणी कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, असा उपदेश बुद्धांनी केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो पाठ करायला लावला आणि जेवताना रोज आपल्यासमोर म्हणायला सांगितले. राजा हळूहळू माप कमी करत गेला आणि त्याचे शरीर हलके झाले. एका दिवसात त्याने भात सोडला नाही. आपणही पहिल्या आठवड्यात एक चपाती कमी करा, दुसऱ्या आठवड्यात भात निम्मा करा. घाईने सगळे बंद करणारा माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा मूळ पदावर येतो.

चहाचा हिशेब

एक चमचा साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप धरले तर ५० ग्रॅम साखर झाली. महिन्याला दीड किलो. ही फक्त एका माणसाच्या चहातली. सोबत बुडवायला खारी, टोस्ट किंवा बिस्किट असेल तर मैदा आणि साखर आणखी वेगळी.

नाक्यावर उभे राहणारे, रिक्षा चालवणारे, रात्रपाळी करणारे भाऊ आणि चार घरची कामे करणाऱ्या भगिनी पुष्कळदा चहावरच दिवस काढतात. चहा भूक मारतो म्हणून. आम्ही चहा सोडा म्हणत नाही. पाचाचे दोन करा. दोन चमच्यांचा एक, एकाचा अर्धा असे उतरत जा. तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. बिस्किटाऐवजी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे खिशात ठेवा. वाचलेल्या साखरेच्या पैशांची अंडी आणा.

गुळाचा चहा घेतला म्हणून शुगर वाढत नाही, हा गैरसमज आहे. गूळ, मध, खडीसाखर ही साखरेचीच भावंडे आहेत. कोल्ड्रिंक, उसाचा रस आणि पाकिटातला फळांचा रस तर मधुमेह असलेल्या माणसाने घेऊच नये. फक्त शुगर कमी झाली तर ते उपयोगी पडतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

पोट कशाने भरायचे?

भात कमी केला की भूक लागते आणि तिथेच पथ्य मोडते. पोट भरलेले राहायचे तर डाळी-उसळी आणि मांस-मच्छी वाढली पाहिजे. त्यातून मिळणारी प्रथिने सावकाश पचतात आणि शुगर एकदम चढू देत नाहीत.

स्वस्तातल्या गोष्टी आपल्या आयांना तोंडपाठ होत्या. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांची मोड आणलेली उसळ. हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे. घट्ट पिठले. सोयाबीनच्या वड्या. उकडलेले अंडे, ज्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. सुकट आणि बोंबील. सुक्या मासळीला मीठ फार असते, म्हणून बीपी असणाऱ्यांनी ती कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुऊन घ्यावी आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. वजडी, कलेजी, मटण चालते, पण तेलाचा तवंग नको. रस्सा तेवढा ओरपून त्यात चार भाकऱ्या चुरायच्या, यालाच आवर घालायचा आहे. मटण खाऊन शुगर वाढली असे लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा सोबतच्या भाताने ती वाढलेली असते.

ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली आहेत त्यांनी मात्र डाळ, अंडी, मांस किती घ्यायचे हे डॉक्टरांनाच विचारावे.

भाज्यांत पालेभाजी सगळ्यांत गुणाची. मेथी, शेपू, माठ, तांदुळजा, चवळी, अंबाडी. अंबाडीच्या भाजीला गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडणारे आहेत, त्यांना खुशाल मुरडू द्या. दुधी, दोडका, गवार, भेंडी, वांगी, कोबी, कारले, मुळा हे सगळे चालते. बटाटा, रताळे आणि साबुदाणा हे भाजीत किंवा फराळात धरू नका, ते भाताच्या रांगेत बसवा. नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी म्हणजे नाश्त्याला भात, त्यापलीकडे काही नाही. जवस, तीळ, कारळे यांची चटणी चवीला चांगली आणि अंगाला चांगली, फक्त तेल वरून ओतू नये.

फळांत पेरू, जांभूळ, पपई, संत्रे यांतले एक, दिवसातून एकदा, चावून खावे. केळे, चिकू, आंबा, द्राक्षे थोडीच, आणि जेवणाच्या ताटात नकोत.

भाकरी की चपाती?

ज्वारी-बाजरीच्या पिठात कोंडा असतो, त्यामुळे ती पांढऱ्या भातापेक्षा आणि मैद्याच्या पावापेक्षा बरी. पण "भाकरीने शुगर वाढत नाही" असे समजून तीन-तीन भाकऱ्या खाणे चूक. एका जाड भाकरीत दोन चपात्यांइतके पीठ सहज जाते. एका वेळी एक मध्यम भाकरी किंवा दोन लहान चपात्या, हे बहुतेकांना पुरे होते. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या मजुराला थोडे जास्त लागेल, घरी बसणाऱ्या आजोबांना त्याहून कमी.

रेशनच्या गव्हात थोडा हरभरा किंवा सोयाबीन दळून घेता येते. चार वाट्या गव्हाला एक वाटी हरभरा. पीठ चाळून कोंडा टाकू नका. भाताची पेज काढून टाकली की शुगर निघून जाते असेही मानतात. पेजेबरोबर थोडे पिष्ट जाते, पण ढीग तो ढीगच राहतो.

एका दिवसाचा नमुना

सकाळी कमी साखरेचा चहा. नाश्त्याला मुगाचे धिरडे, किंवा एक चपाती आणि उकडलेले अंडे, किंवा वाटीभर मोड आलेली मटकी कांदा-लिंबू घालून. फक्त चहा-पाववर घर सोडू नये.

डब्यात एक भाकरी किंवा दोन लहान चपात्या, भरपूर पालेभाजी, घट्ट डाळ किंवा उसळ, कांदा-मुळा-काकडी. संध्याकाळी वडापावऐवजी फुटाणे किंवा शेंगदाणे, हवे तर ताक.

रात्री आठच्या सुमारास जेवण. अंड्याचे किंवा सुकटीचे कालवण, नाहीतर पिठले. भाजी. एक चपाती किंवा छोटी वाटी भात. जेवून लगेच आडवे न होता वस्तीतच दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे करावेत. जेवणानंतरच्या चालण्याने स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. दिवसभर कष्ट करणाऱ्यालाही याचा फायदा होतो.

घरातल्या बाईचे ताट

ही गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. घरातल्या पुरुषाला शुगर निघाली की त्याच्यासाठी वेगळी भाजी होते, अंडे उकडले जाते. बाईला शुगर निघाली की ती सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात आणि तळाचे वरण खाते. भाजी संपलेली असते, अंडे मुलांनी खाल्लेले असते. अशा घरात कितीही गोळ्या घेतल्या तरी तिची शुगर उतरत नाही, आणि वर तिलाच पथ्य पाळत नाहीस म्हणून बोल लावला जातो.

यावर उपाय साधा आहे. घरात एकच स्वयंपाक करा, पथ्याचा आणि बिनपथ्याचा असे दोन नकोत. वर सांगितलेले ताट मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही चांगलेच आहे. आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांना होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांच्यासाठीही ते औषधच आहे. वाढताना सगळ्यांची ताटे एकदम वाढा आणि सगळ्यांनी बरोबर बसा. स्त्री-पुरुष समतेची गोष्ट आपण विहारात बोलतो, ती पातेल्यापर्यंत पोहोचू द्या.

गोळी सोडायची का?

आहार बदलला की गोळी सुटते का, हा पुढचा प्रश्न. काहींची सुटते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा मधुमेह सहा वर्षांहून जुना नव्हता आणि वजन जास्त होते अशा लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने अगदी मोजका आहार दिला. वर्षाच्या शेवटी त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची शुगर गोळीशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचे वजन अधिक उतरले त्यांना अधिक यश आले. पण ते सगळे जाड होते आणि डॉक्टर सोबत होते. घरच्या घरी उपाशी राहून हा प्रयोग करू नये. बारीक माणसाने तर नाहीच. आणि अशी शुगर उतरली तरी आजार कायमचा गेला असे नव्हे. वजन वाढले, भाताचा ढीग परत आला की शुगरही परत येते.

उंबरठ्यावर असणाऱ्यांना मात्र मोठी संधी आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आहार आणि चालणे एवढ्यानेच उंबरठ्यावरच्या भारतीय लोकांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी आहार बदला, पण गोळी मनाने बंद करू नका. शुगर कमी येऊ लागली की डॉक्टरच गोळी कमी करतील. गोळ्यांनी किडनी जाते ही अफवा आहे. किडनी जाते ती वर्षानुवर्षे वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. इन्सुलिन म्हणजे शेवट आला, हेही खरे नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपण सर्व जाणतो. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदना आणि अधू झालेली दृष्टी सोसत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण केला. आज सर्वात आधी दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी मधुमेहावर प्रथम वापरली गेली १९५७ साली, फ्रान्समध्ये. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. जे औषध त्यांच्या वाट्याला आले नाही, ते आज सरकारी दवाखान्यात आपल्याला मोफत मिळते. ते फेकून देऊन कुणा बाबाची पुडी घेणे योग्य आहे का, याचा विचार प्रत्येकाने करावा. पुडीत काय आहे ते लिहिलेले नसते. कारले, मेथी, जांभूळ भाजी म्हणून, फळ म्हणून जरूर खा, पण ती गोळीच्या जागी बसत नाहीत.

शुगर एकदम उतरली तर

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवले, की शुगर ७० च्या खाली येऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणे, छातीत धडधड, भलतेच बोलणे ही लक्षणे आहेत. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर चपाती-भाजी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. दारू प्यायलेल्या माणसाची ही अवस्था घरच्यांना नशा वाटते आणि जीव जातो. पाचव्या शीलाचे पालन करण्याला मधुमेह असलेल्या माणसासाठी हे आणखी एक कारण आहे.

उपोसथ आणि भोजनदान

वर्षावासात आणि पौर्णिमेला अनेक उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. ज्या अशा गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचे औषध ठरवून घ्यावे. रात्रीची गोळी घेऊन रिकाम्या पोटी झोपणे धोक्याचे आहे. ज्यांना डॉक्टर नको म्हणतील त्यांनी भन्तेजींना तसे सांगून पंचशील घ्यावे, त्यात कमीपणा नाही. अज्ञानाने शरीराला क्लेश देण्याचा मार्ग बुद्धांनी स्वतः अनुभवून सोडून दिला होता.

भोजनदानात बुंदी, खीर, पुरी आणि बटाट्याची भाजी हा बेत ठरलेलाच असतो. वैशाख पौर्णिमेची खीर असू द्या, पण द्रोण लहान ठेवा. सोबत मटकीची उसळ, कोशिंबीर आणि ताक ठेवा. खर्च वाढणार नाही. १४ एप्रिलला सरबताच्या पाणपोईशेजारी एक साध्या पाण्याची किंवा ताकाची पाणपोई असावी, असे आम्ही मंडळांना सुचवतो.

तपासणी कुठे?

तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा शहरातल्या 'आपला दवाखाना'त मोफत तपासतात. वस्तीतल्या आशाताईंना विचारा. मधुमेह असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने आणि पायांची तपासणी करून घ्या. पाय रोज रात्री बघा, अनवाणी फिरू नका. मिश्री, तंबाखू, बिडी सोडा. शुगर आणि तंबाखू एकत्र आली की पाय आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एक काम करता येईल. एक टेप आणि एक वही घ्या. प्रत्येकाची कंबर मोजा, नाव आणि आकडा लिहा. ज्यांचा आकडा जास्त आहे त्यांना सोबतीने दवाखान्यात न्या. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. एकट्याचे पथ्य मोडते, दहा घरांनी मिळून धरलेले टिकते.

जय भीम, नमो बुद्धाय.